शांत दिवसांचे आलेख

अलेक्झांड्रिया,
९ ऑक्टोबर २००१

प्रिय ओदेत,

पत्राच्या पहिल्या पानावर गाऱ्हाणं लिहायचं नाही, असा शाळेतल्या सिस्टर क्लेमांसचा नियम होता. तो मी अजून पाळते, म्हणून आधी इतर बातम्या. आपल्या शाळेचं फाटक आता हिरवं रंगवलं आहे. मुली अजून फ्रेंचमध्ये भांडतात. परवा ट्राममधून उतरताना मी मुद्दाम थांबून ऐकलं. ज्या तुतीच्या झाडाखाली तू मला भूमिती शिकवायचीस ते मात्र गेलं, तिथे पाण्याची टाकी आली आहे. माझे गुडघे बरे नाहीत. तुझे कसे आहेत ते कळव. तू माझ्याहून मोठी आहेस हे मी विसरलेले नाही.

आता पान उलटलं.

माझ्या सफिनाजला तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ती दोन वेण्या घालायची. त्यानंतर वर्षभरात तिला पहिला झटका आला. अपस्मार, डॉक्टर म्हणाले. औषधांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा ती जिथे असेल तिथे कोसळते, आणि आधी काहीच कळत नाही. तुला इतक्या वर्षांत हे लिहिलं नाही, कारण पहिल्या पानावर ते बसत नव्हतं आणि दुसरं पान मी लिहीतच नव्हते.

ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. जुमाना नाव ठेवलं. सफिनाजला तिच्याजवळ क्षणभरही एकटं ठेवत नाहीत. तिची सासू, हाजा फतहिया, सामानसुमान घेऊन राहायला आली आहे आणि दुपारी मी जाते. सफिनाज बाटलीने दूध पाजत असली की आम्ही दोघी विहिणी पलंगाच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारख्या बसतो. काल ती शांतपणे म्हणाली, "आई, मला माझ्या मुलीशी काही बोलायचं असतं. तुम्ही दोघी ऐकत बसता."

तुमच्या ट्यूनिसच्या संशोधनाविषयी वर्तमानपत्रात वाचलं. मेंदूच्या लहरींवरून झटका आधी ओळखता येतो म्हणे, आणि खाली तुझं नाव होतं. मी बरं करणारं औषध मागत नाही. पाच मिनिटं आधी कळलं तरी ती मुलीला खाली ठेवू शकेल. तेवढं होईल का?

तुझी,
इन्शिराह

*

ट्यूनिस,
२ डिसेंबर २००१

प्रिय इन्शिराह,

माझे गुडघे उत्तम आहेत. दात विचारू नकोस.

उत्तराला उशीर झाला, कारण मला खरं तेवढंच लिहायचं होतं. वर्तमानपत्रवाले जास्त लिहितात. आम्ही काय करतो ते सांगते. मेंदूच्या लहरी सरळ हिशेबात बसत नाहीत. कारण दुप्पट झालं की परिणाम दुप्पट होतो, असं तिथे घडत नाही. म्हणून आम्ही एकेक लहर मोजत बसत नाही. ओळीने येणाऱ्या मोजमापांवरून एक आकृती काढतो. ती लोकरीच्या गुंत्यासारखी दिसते. तो गुंता किती गुंतलेला आहे हे गणिताने काढता येतं. निरोगी मेंदूचा गुंता भलताच किचकट असतो. झटक्याच्या आधी मात्र तो हळूहळू सुटा होत जातो, असं आम्हाला दिसलं आहे. जणू असंख्य माणसं आपापलं बोलत होती आणि एकेक जण गप्प होऊ लागला.

तुला हे माझ्यापेक्षा आधी माहीत आहे. तुमच्या घरी मी रमजानमध्ये यायचे तेव्हा तुझे वडील खिडकीकडे पाठ करून बसत आणि फक्त रस्ता ऐकत. फेरीवाले कमी झाले, गाड्या विरळ झाल्या, कुठेतरी शेवटचं दार वाजलं, की ते खजूर हातात घेत. थोड्याच वेळात उपवास सोडायची तोफ व्हायची. एकदाही चुकले नाहीत. मी ख्रिश्चन घरातली उपाशी नसलेली पोर, पण माझीही नजर त्यांच्या हातावर असायची. माझं सगळं काम म्हणजे त्यांची नक्कल आहे.

आमच्याकडे साठवलेल्या आलेखांवर हे गणित चालवलं तेव्हा बहुतेक झटके आधी ओळखता आले. पण ते साठवलेले आलेख होते, आपल्या पायांनी चालणारी बाई नव्हती. सफिनाजला दोन आठवडे इथे पाठव. तिच्या डोक्याला तारा लावून नोंद घेऊ. वचन काहीच देत नाही.

तुझी,
ओदेत

*

अलेक्झांड्रिया,
१४ जानेवारी २००२

प्रिय ओदेत,

घरात मोठी चर्चा झाली. जावई रऊफ गप्प बसून सगळं ऐकतो आणि शेवटी एक वाक्य बोलतो. या वेळी "मी तिला घेऊन जातो" असं म्हणाला. विहीणबाईंना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कॉफीच्या कपातला गाळ बघून भविष्य सांगणाऱ्या बायका आणि तुमची ओदेत यांच्यात फरक एवढाच, की त्या बायका निदान कॉफी तरी पाजतात. मी त्यांना समजावलं, की हे गणित आहे. त्या म्हणाल्या, "गणिताला माझा विरोध नाही, पण ते माझ्या नातीच्या अंगावर नको."

मी रागावले. आपण शिकलेल्या बायका फार लवकर रागावतो. नंतर बघितलं तर त्या स्वयंपाकघरात सफिनाजच्या प्रवासासाठी बेदाणे घालून पोळ्या भाजत होत्या, आणि त्याच वेळी नवसही बोलत होत्या. मी विचारलं नाही कसला ते.

ती फेब्रुवारीत निघेल. मुलगी आमच्याजवळ राहील. तुझ्याकडे मुलुखियाची भाजी करू नकोस, ती तुला शाळेतही जमत नव्हती.

तुझी,
इन्शिराह

*

ट्यूनिस,
११ मार्च २००२

प्रिय इन्शिराह,

सफिनाज काल सुखरूप परतली असेल. ती तुझ्यासारखी हसते, तोंडावर हात ठेवून. तारांचं जाळं डोक्यावर असताना तिने मला विचारलं, "मावशी, यात माझे विचार दिसतात का?" नाही म्हणाले. "बरं झालं," म्हणाली.

इथे असताना तिला तीन झटके आले. तिन्हींच्या आधी, पाव तास ते अर्धा तास, गुंता सुटा झालेला आलेखात स्पष्ट दिसतो. मी भावनेने काही म्हणत नाही, पण त्या कागदावर मी बराच वेळ हात ठेवून बसले होते.

तिच्याबरोबर एक पेटी पाठवली आहे. रेडिओएवढी आहे, कमरेला लावायची. तारा डोक्यावर रुमालाखाली झाकल्या जातात. तुमच्याकडे बाई रुमाल बांधते याचा विज्ञानाला प्रथमच उपयोग झाला. गुंता सुटा होऊ लागला की पेटीवर पिवळा दिवा लागतो. दिवा लागताच मूल जमिनीवर गादीवर ठेवायचं, स्वतः शेजारी आडवं व्हायचं आणि दिवा विझेपर्यंत उठायचं नाही. ही चाचणी आहे. पहिले दोन महिने तुम्हा दोघींपैकी कुणी तरी घरात हवं. हे ठळक अक्षरात वाच.

तुझी,
ओदेत

*

अलेक्झांड्रिया,
२७ मे २००२

प्रिय ओदेत,

पहिल्या पानावर लिहिण्यासारखं आज खूप आहे, दुसरं लागणारच नाही.

दोन महिने आम्ही थांबलो. दिवा लागला, सफिनाज आडवी झाली आणि झटका आला, असं दोनदा डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर विहीणबाईंनी स्वतःहून सामान बांधलं. जाताना पेटीकडे बघून म्हणाल्या, "हिच्यावर लक्ष ठेव गं." मुलीला म्हणाल्या की पेटीला, कळलं नाही. आता रोज दुपारी रऊफ येईपर्यंत सफिनाज आणि जुमाना दोघीच असतात. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या बेकरीत बसून राहिले. घरी गेल्यावर विचारलं, काय केलंस? "गप्पा मारल्या," म्हणाली. मुलगी नऊ महिन्यांची आहे.

आणखी एक चांगली गोष्ट. दिवा लागला, ती आडवी झाली आणि झटका आलाच नाही, असंही दोन-चारदा झालं आहे. मला वाटतं वेळेवर विश्रांती घेतल्याने येणारा झटका टळतो. म्हणजे तुझी पेटी नुसती सांगत नाही, थांबवतेही. हे तुला माहीत होतं का? सिस्टर क्लेमांस असत्या तर त्यांनी तुझ्या गळ्यात निळ्या फितीचं पदक घातलं असतं. मलाच तीन वर्षं मिळालं होतं ते, अक्षरासाठी.

तुझी,
इन्शिराह

*

ट्यूनिस,
१९ जून २००२

प्रिय इन्शिराह,

लहान पत्र आहे, घाईत.

दिवा लागूनही झटका आला नाही, हे नक्की किती वेळा झालं? सफिनाजला नीट विचार. दिवा न लागता झटका आला का, तेही विचार. उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ कुणीतरी असलेलं बरं. काळजीचं काही नाही, आमच्या कामाचा भाग आहे.

तुझे गुडघे?

ओदेत

*

अलेक्झांड्रिया,
८ जुलै २००२

ओदेत मावशी,

आईने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं आणि विचारलं. मी तिला सांगितलं, "दोन-चारदा, तुला माहीत आहे तेवढंच." ती खूश होऊन गेली. म्हणून हे पत्र मी वेगळं लिहिते आहे.

दिवा रोज लागतो. एकेका दुपारी पाच-सहा वेळा लागतो. आई आणि सासूबाई असताना जुमाना त्यांच्याच हातात असायची आणि पेटी माझ्या झग्याखाली, म्हणून बहुतेक वेळा तो त्यांना दिसलाच नाही. त्या गेल्यावर सुरुवातीला मी प्रत्येक वेळी जुमानाला खाली ठेवून आडवी व्हायचे आणि वाट बघायचे. काही व्हायचं नाही. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की मी मुलीकडे बघतच नाही, पेटीकडे बघते. जुमानाही दिवा लागला की माझ्याआधी गादीकडे सरपटत जायला लागली. ते बघून मला बरं वाटलं नाही.

मग मी असं केलं. दिवा कधीही लागू शकतो, तर दिवा लागलेलाच आहे असं धरायचं. दुपारभर मी जमिनीवरच असते. खोलीभर गाद्या घातल्या आहेत, टेबल बाहेर काढलं आहे. भरवणं, खेळणं, कपड्यांच्या घड्या, सगळं खाली. तिला मी उचलून घेतच नाही. ती माझ्यामागे रांगते, मी तिच्यामागे रांगते. गॅस पेटवत नाही. अंघोळ रऊफ आल्यावर. गच्चीचं दार तो सकाळी कुलूप लावून किल्ली बरोबर नेतो. हे सगळं त्याला माहीत आहे. त्यानेच टेबल बाहेर काढलं, आणि आई येते ती संध्याकाळी, तेव्हा तो गाद्या आधीच गुंडाळून टेबल आत आणतो.

गेल्या आठवड्यात झटका आला. जाग आली तेव्हा माझा गाल गादीवर होता आणि जुमाना शेजारी बसून चमचा वाटीवर बडवत होती. मी पेटी बघितली. दिवा लागलेला नव्हता.

पेटी परत मागू नका. ती आहे म्हणून आई आणि सासूबाई घरी जातात. पेटी गेली तर त्या दोघी परत पलंगाच्या दोन बाजूंना येऊन बसतील, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणता येणार नाही.

तुमची,
सफिनाज

*

ट्यूनिस,
२४ नोव्हेंबर २००२

प्रिय इन्शिराह,

उन्हाळाभर मी तुला लिहिलं नाही. तू तीन पत्रं पाठवलीस आणि प्रत्येकात पेटीची स्तुती होती, त्यामुळे उत्तर देणं अवघड होत गेलं.

आज रमजानातला दिवस आहे, आणि तुझ्या वडिलांची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती असं लक्षात आलं. अहली आणि झमालेक या संघांची फुटबॉलची मॅच असली की आपला रस्ता असाच ओस पडायचा. फेरीवाले कमी, गाड्या विरळ, शेवटचं दार. आवाज तोच. तेव्हा त्यांनी खजूर हातात घेतला नाही, कारण रमजान नाही हे त्यांना माहीत होतं. नुसता रस्ता ऐकून त्यांना काही कळत नव्हतं. त्यांना महिना माहीत होता.

आमच्या यंत्राला महिना माहीत नाही.

चूक अशी झाली. मेंदूचा आलेख दिवसरात्र चालतो आणि डिस्क महाग असते. म्हणून आमच्या कामात सगळीकडे एक रीत आहे. झटक्याच्या आधीचा तासदोन तासांचा भाग जपून ठेवायचा, बाकीचा पुसून टाकायचा. त्यात काही घडलेलं नसतं, मग ठेवायचं कशाला? आम्ही गणित तपासलं ते या जपलेल्या भागांवर. झटक्याआधी गुंता सुटा झालेला दिसला, आनंद झाला. इतर वेळीही तो तसाच सुटा होतो का, हे विचारायला शांत दिवसांचे आलेखच शिल्लक नव्हते. सफिनाजच्या दोन आठवड्यांचंही आम्ही तेच केलं होतं.

या उन्हाळ्यात काही पुसलं नाही. इथल्या रुग्णांचे शांत दिवस पहिल्यांदाच साठवले. मग गणितातच एक खोटं यंत्र केलं, जे मनाला येईल तेव्हा दिवा लावतं. दोघांची तुलना केली. खोटं यंत्र आमच्या यंत्राइतकंच बरोबर निघालं. मी हे छापायला पाठवलं आहे. इथले सहकारी माझ्याशी सध्या फार नम्रपणे बोलतात.

तेव्हा तुझ्या घरातली पेटी काही ओळखत नाही, इन्शिराह. तिने एकही झटका थांबवलेला नाही. तुम्ही दोनदा पाहिलंत ते खरं, पण जो दिवा दुपारी पाच-सहा वेळा लागतो तो कधीतरी झटक्याच्या आधीही लागणारच. तुला पाच-सहा हा आकडा नवा असेल. सफिनाजने मला जुलैतच लिहिला होता. तिला आधी विचारल्याशिवाय मी हे लिहिलेलं नाही. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: "सांगा, पण जमिनीचंही सांगा."

म्हणून सांगते. तिच्या घरी दुपारी न कळवता जा. काही बोलू नकोस, बस आणि बघ. मग ठरव. माझं मत तू विचारशील, पण या बाबतीत आता मला मत नाही. मी माझं मत एकदा पिवळ्या दिव्याच्या रूपाने पाठवलं होतं.

तुझी,
ओदेत

*

अलेक्झांड्रिया,
१९ जानेवारी २००३

प्रिय ओदेत,

या पत्राला पहिलं पान नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी सफिनाजचा. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंना फोन केला, कारण एवढी गोष्ट त्यांच्यापासून लपवण्याचा मला हक्क नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कॉफीचा गाळच." ईद होऊन गेली की दोघींनी मिळून जायचं ठरलं. जाताना मी मुक्कामाच्या कपड्यांची पिशवीही भरून घेतली होती. पुन्हा पहारा द्यायचा, हे मी मनात नक्की केलं होतं.

सफिनाजने दार उघडलं ते गुडघ्यांवर बसून. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला, पण ती बाजूला सरकली. खोलीत पाय ठेवायला फरशी अशी दिसतच नव्हती, भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या. पेटी कपाटावर होती, तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला. "कधीपासून?" मी विचारलं. "उन्हाळ्यापासून, आई." म्हणजे मी तुला स्तुतीची पत्रं लिहीत होते तेव्हा ती रुमालाखाली होती.

मला खुर्ची दिसेना. विहीणबाईंनी काळा झगा सावरला आणि हाय हाय करत खाली बसल्या. मग मलाही बसावं लागलं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. दुपारभर आम्ही तिथे होतो. जुमाना आता चालते, पण आईजवळ आली की बसूनच पुढे सरकते. तिला वाटतं, खोलीत असंच वागायचं असतं. सफिनाजने तिला भाताचा घास भरवला, बाहुलीचे केस विंचरून दिले, पुस्तकातला उंट दाखवला. मी घड्याळाकडे बघायचे आणि मग तिच्या चेहऱ्याकडे. दोन्हींत काही कळत नव्हतं.

मग झटका आला. बोलता बोलता ती एका बाजूला कलंडली. मी ओरडणार होते. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. जुमाना आईपासून थोडी लांब सरकली, तिच्याकडे बघत अंगठा चोखत बसली, आणि थोड्या वेळाने परत उंट बघू लागली. विहीणबाईंनी सफिनाजला फक्त कुशीवर वळवलं. ती शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा हाताने चाचपून मुलीचा पाय शोधला. आमच्याकडे तिने नंतर बघितलं.

"सासूबाई," ती अडखळत म्हणाली, "तुम्ही आता राहणार का?"

मी पिशवीकडे हात नेला होता, ओदेत. राहणार असं सांगायला तोंडही उघडलं होतं. माझ्याआधी विहीणबाई बोलल्या.

"मी कशाला राहू? इथे बसायला एक धड खुर्ची नाही." मग तिच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, "शुक्रवारी येईन. पोळ्या आणीन. आणि ते गणित रुमालाखालीच असू दे."

सफिनाज पुरती सावध होईपर्यंत आम्ही थांबलो. तिने चहा घेतला, मुलीला गोष्ट सांगितली, सासूला उलट उत्तर दिलं. मग विहीणबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि मग हात देऊन त्यांनी मला उठवलं. माझी भरलेली पिशवी त्यांनीच उचलली. आम्ही बाहेर आलो आणि दार लागलं.

मी जिन्यात थांबले. आतून आधी काही ऐकू येईना. मग सफिनाजचा आवाज आला, मुलीशी काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते. मी दाराला कान लावला.

विहीणबाई चार पायऱ्या खाली पोचल्या होत्या. वळून म्हणाल्या, "चला, सफिनाजच्या आई. ऐकून कळत असतं तर तुमच्या मैत्रिणीला नसतं कळलं?"

तुझी,
इन्शिराह